शंभरातले तीन

प्रोखोर, आज तुझ्या मातीपाशी आले आहे,
बसमधून, मांडीवर रंगवलेल्या अंड्यांचा डबा घेऊन.
व्होल्गावरचा बर्फ फुटतोय.
काल रात्री झोपेत वाटलं
चाचणी-मंचावर कुणीतरी झडप उघडली.

चाळीस वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो:
पंप फिरवायचा कुणी
आणि त्याची मजुरी द्यायची कुठून.

तू म्हणायचास, सोपं आहे.
मोठ्या भट्टीशेजारी एक छोटी भट्टी लाव,
तिला थोडं केरोसीन दे, ऑक्सिजन मुद्दाम कमी,
काजळलेला वायू टर्बाइनवर सोड
आणि काम झालं की बाजूच्या नळीनं बाहेर.
"शंभरातले तीन गेले तर गेले, रिम्मा.
ज्या घरात काहीच सांडत नाही
त्या घरात कुणी जेवत नसतं."

तुझ्या ज्वाळेच्या कडेला ती काळी शेपटी.
मला पाहवत नसे.

मी कंजूष. वेढ्यातून वाचलेल्या आईची मुलगी,
पावाचा चुरा बोटानं टिपून खाणारी.
माझ्या चक्रातून बाहेर काही जात नाही:
सगळा ऑक्सिजन आधी छोट्या भट्टीत,
चमचाभर केरोसीनवर तापून
टर्बाइन फिरवतो, आणि तसाच, गरम, पुढे जातो
जिथे बाकीचं केरोसीन त्याची वाट पाहत असतं.
थेंबाथेंबाचा हिशेब.
फक्त एवढंच, की तापलेला, दाबलेला ऑक्सिजन
पोलादाला वाळलं गवत समजतो.

तो नोव्हेंबर.
बंकरच्या काचेमागे आपण सात जण.
लोखंडाचा एक कीस, पापणीच्या केसाएवढा,
कुणाच्या कानशीतून सुटलेला, देव जाणे.
पाव सेकंद.
टर्बाइन पेटलं. टर्बाइनमधलं काही नव्हे,
टर्बाइनच.
धूर निवळला तेव्हा मंचावर
नुसते बोल्ट उरले होते, कशालाही न धरलेले.

तू हसला नाहीस.
हसला असतास तर सोपं गेलं असतं.
कोट माझ्या खांद्यावर टाकलास
आणि दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता,
मुलाम्याच्या शेडमध्ये येऊन पाती घासत बसलास.
अकरा महिने. काचेसारखा मुलामा, थरावर थर.
तुझा विश्वास नव्हता त्या इंजिनावर.
तरी नखं तुझीही झिजली.

आणि इल्दार, कोपऱ्यातला, आवाज न चढवणारा:
"आणखी आग कशाला? भिंत तापलेलीच आहे की.
थंड हायड्रोजन भिंतीतल्या नळ्यांतून न्या,
भिंत निवेल, तो फुगेल, पंप फिरेल."
इतकं मवाळ इंजिन मी दुसरं पाहिलं नाही.
पण ते मोठं होत नाही.
पोट सुटतं त्या मानानं कातडी वाढत नाही
आणि त्याची सारी कमाई कातडीवरची.
वरच्या टप्प्याला ठीक, त्या निर्वात शांततेत.
जमिनीवरून शेकडो टन उचलायचे तर
हळुवारपणा पुरत नाही.
इल्दार आता उफाजवळ मधमाश्या पाळतो.
त्याला ते शोभतं.

हिवाळ्यात एक मुलगी आली होती, ग्लाफिरा,
नव्या कारखान्यातली, बर्फाचे बूट दारात काढून.
विचारलं, तिघांत श्रेष्ठ कोणतं?
मी म्हटलं, माझं.
मग चहा ओतता ओतता म्हटलं,
आधी सांग, पैसा किती, वेळ किती,
आणि राख झालेल्या मंचापुढे
तुझ्या खांद्यावर कोट टाकणारं कुणी आहे का.
तिनं वहीत पहिली दोनच उत्तरं लिहिली.

ऊन आहे. तुझ्या कठड्याचा रंग उडालाय,
पुढच्या वेळी डबा आणीन.
पेल्यात मोजून शंभर ग्रॅम.
आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम सांडते, प्रोखोर,
तुझ्या मातीवर,
शंभरातले तीन.

आसपास कुणी नाही.
घे, अजून थोडी.